स्टिरॉइड बंद झालं, पण मोटर सुरू झाली का?

लोकलमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि डेटा पुरवून वापरणाऱ्यांसाठी या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना आलेले शंभर ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ कापलेत, बाकी गप्पा जशाच्या तशा.

आजचा विषय जरा गंभीर आहे. ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना उपचारात स्टिरॉइड देतात. ते बंद केल्यावर शरीरात काय होतं, हा प्रश्न. मी डॉक्टर नाही. बीटेक करून दिवसभर सर्व्हरचे अलर्ट बघणारी मुलगी आहे. पण या विषयाच्या मुळाशी एक फीडबॅक लूप आहे, आणि फीडबॅक लूप बिघडला की काय होतं हे मी रोज बघते. यंत्रणा कशी चालते तेवढं मी सांगणार. डोस किती, गोळी कोणती, कधी थांबवायची, हे फक्त त्या मुलाचे डॉक्टर ठरवतील. एवढं कबूल असेल तर पुढे चला.

आधी रोग आणि औषध

अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, थोडक्यात एएलएल. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि तोही जास्त करून दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, लिम्फोब्लास्ट नावाच्या कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या रक्तपेशींना जागाच उरत नाही.

चांगली बातमी अशी की यावर उपचार आहे, आणि तो जोरदार आहे. श्रीमंत देशांमध्ये आज अशी दहातली जवळपास नऊ मुलं निदानानंतर पाच वर्षांनीही आपल्यात असतात. उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिल्या टप्प्याला इंडक्शन म्हणतात. साधारण चार आठवडे रोज स्टिरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, आणि जोडीला व्हिन्क्रिस्टीन, अ‍ॅस्परॅजिनेज अशी इंजेक्शनं. पुढे काही महिन्यांनी उपचार पुन्हा कडक करतात, तेव्हा स्टिरॉइड परत येतं. काही प्रोटोकॉलमध्ये शेवटच्या लांबलचक मेंटेनन्सच्या काळातही दर महिन्याला पाच दिवस ते असतं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. जिममधले दंड फुगवणारे स्टिरॉइड वेगळे. हे ग्लुकोकॉर्टिकॉइड, आपल्याच शरीरातल्या कॉर्टिसॉल नावाच्या हॉर्मोनचे भाऊबंद. लिम्फोब्लास्ट पेशीत शिरून हे तिला स्वतःलाच संपवायला लावतात. म्हणून ते या उपचाराचा कणा आहेत. ‘स्टिरॉइड वाईट असतं म्हणे’ असं शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून गोळी चुकवायची, असला प्रकार इथे परवडत नाही.

टाकी, फ्लोट आणि मोटर

आता यंत्रणा. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेल. टाकीत फ्लोट असतो. पाणी कमी झालं की तो खाली जातो, खालच्या स्टार्टरला इशारा मिळतो, स्टार्टर मोटर चालू करतो. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटर बंद. कुणाला बटण दाबायला लागत नाही.

शरीरात हेच तीन टप्प्यांत चालतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो आपला फ्लोट. रक्तात कॉर्टिसॉल कमी झालं की तो सीआरएच नावाचा निरोप धाडतो. हा निरोप जातो पिट्युइटरी ग्रंथीकडे, ती आपली स्टार्टर. ती एसीटीएच नावाचं हॉर्मोन रक्तात सोडते. ते पोचतं दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत. त्या आपली मोटर. त्या कॉर्टिसॉल बनवतात. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की वरचे दोघं शांत होतात.

हे कॉर्टिसॉल करतं तरी काय? रक्तातली साखर खाली पडू देत नाही, ब्लड प्रेशर टिकवून धरतं, आणि शरीरावर संकट आलं की त्याला तोंड द्यायला ताकद देतं. दिवसभरात त्याची पातळी बदलत असते. सकाळी उठायच्या सुमाराला सगळ्यात जास्त, मध्यरात्री सगळ्यात कमी. आणि जोराचा ताप, मोठं इन्फेक्शन, ऑपरेशन, अपघात असं काही झालं की अ‍ॅड्रिनल उत्पादन एकदम काही पटींनी वाढवते. सेलच्या दिवशी शॉपिंग अ‍ॅपवर गर्दी उसळते आणि मागे आपोआप जास्तीचे सर्व्हर उभे राहतात ना, अगदी तसं.

आता कल्पना करा, सोसायटीत कुणीतरी रोज टँकर मागवायला सुरुवात केली. टाकी कायम काठोकाठ. फ्लोट कायम वर. स्टार्टर गप्प. मोटर महिनाभर फिरलीच नाही. मग एक दिवस टँकर बंद होतो. पाणी उतरतं, फ्लोट खाली जातो, पण स्टार्टर सुस्तावलेला आणि मोटर जाम.

इंडक्शनमधल्या स्टिरॉइडच्या गोळ्या म्हणजे हा टँकर. आणि टँकरही साधासुधा नाही. प्रेडनिसोलोनची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर ठरते, दर चौरस मीटरला रोज ४० ते ६० मिलिग्रॅम असा सर्वसाधारण हिशेब. शरीर स्वतः रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं त्याच्याशी तुलना केली तर हे प्रमाण वीस पटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतं. डेक्सामेथासोन तर मिलिग्रॅमला मिलिग्रॅम मोजलं तर त्याहूनही कितीतरी ताकदवान, आणि त्याचा परिणाम जास्त वेळ टिकतो. चार आठवडे एवढं बाहेरून येत असताना मेंदूला वाटतं, सगळं भरपूर आहे. एसीटीएच थांबतं. एसीटीएच नाही म्हटल्यावर अ‍ॅड्रिनलला काम नाही, आणि काम नसलेली ग्रंथी आक्रसते. यालाच अ‍ॅड्रिनल सप्रेशन म्हणतात.

हे कळलं कधी?

कॉर्टिसोन औषध म्हणून पहिल्यांदा १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं. परिणाम इतका थक्क करणारा होता की १९५० मध्येच केंडल, हेंच आणि राइखश्टाइन या तिघांना त्यासाठी नोबेल मिळालं. आणि लगेच, १९५२ मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत छापली. बरेच महिने कॉर्टिसोन घेतलेला माणूस, ऑपरेशन झालं, ब्लड प्रेशर कोसळलं ते वर आलंच नाही. नंतर तपासलं तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या होत्या. रोजच्या जगण्यात काही जाणवलं नव्हतं. ताण आला आणि मोटर चाललीच नाही.

म्हणजे ही गोष्ट सत्तर वर्षांपासून माहीत आहे. मग ल्युकेमियाच्या मुलांबद्दल वेगळं सांगायची गरज काय? कारण या मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी नेमक्या एकाच वेळी येतात. इंडक्शनच्या शेवटाकडे आणि त्यानंतरच्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी असू शकतात, म्हणजे इन्फेक्शनचा धोका मोठा. आणि नेमकं त्याच वेळी स्टिरॉइड थांबलेलं असतं, म्हणजे इन्फेक्शनशी लढताना लागणारं कॉर्टिसॉल बनवणारी मोटर अजून बंद. सर्व्हरवर हल्ला आणि बॅकअप बंद, दोन्ही एकाच रात्री.

किती मुलांना, किती दिवस?

कॉक्रेन नावाची संस्था एखाद्या प्रश्नावरचे सगळे चांगले अभ्यास गोळा करून, चाळून, एकत्र निष्कर्ष मांडते. त्यांनी नेमक्या याच प्रश्नावर आढावा घेतलाय. २०१७ च्या आवृत्तीत १० अभ्यास होते, मुलं मिळून २९८. निष्कर्ष साधा आहे. स्टिरॉइड थांबल्यावर पहिल्या काही दिवसांत जवळजवळ सगळ्याच मुलांची अ‍ॅड्रिनल कमी पडते. बहुतेकांची काही आठवड्यांत पूर्ववत होते. पण थोड्या मुलांमध्ये हा प्रकार ३४ आठवड्यांपर्यंत टिकलेला दिसला. ३४ आठवडे म्हणजे जवळपास आठ महिने!

म्हणजे ‘एखाद्याला होणारा दुर्मीळ साइड इफेक्ट’ असा हा प्रकार नाही. हा जवळपास सगळ्यांना होणारा, बहुतेकांचा आपोआप बरा होणारा, आणि अधूनमधून महागात पडणारा प्रकार आहे. २९८ हा आकडा तसा लहानच, आणि सगळ्या अभ्यासांनी एकाच पद्धतीने मोजमाप केलेलं नाही, हेही लक्षात ठेवायचं. पण दिशा स्पष्ट आहे.

आणखी दोन धागे त्या आढाव्यात सापडतात. एक, बुरशीचं इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलं जाणारं फ्लुकोनॅझोल हे औषध चालू असेल तर अ‍ॅड्रिनलला पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागू शकतो. दोन, इन्फेक्शन किंवा तसा ताण येऊन गेला असेल तरी तेच. म्हणून लगेच फ्लुकोनॅझोल बंद करा असं नाही हं! ते औषध कारणासाठीच दिलेलं असतं. पण डॉक्टरांना दोन्ही औषधांची यादी एकत्र दिसायला हवी.

‘मग हळूहळू कमी करत नेलं तर?’ हा प्रश्न मला दोघातिघांनी विचारला. बऱ्याच ठिकाणी शेवटी डोस टप्प्याटप्प्याने उतरवतातही. पण आठ-दहा दिवसांत उतरवला म्हणून तेवढ्यात अ‍ॅड्रिनल जागी झालीच, असं धरून चालता येत नाही. टँकर रोज थोडा थोडा कमी केला तरी जाम मोटर सुटायला तिचा वेळ लागतोच.

ओळखायचं कसं?

खरी अडचण इथे आहे. कॉर्टिसॉल कमी पडल्याची लक्षणं बघा: मलूलपणा, भूक मरणं, मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, चक्कर, साखर उतरणं, ब्लड प्रेशर उतरणं. आता केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची रोजची तक्रार काय असते? मलूलपणा, भूक नाही, मळमळ, उलट्या. दोन्ही याद्या जवळपास सारख्याच! त्यात स्टिरॉइड चालू असताना याच मुलांना रात्री दोन वाजता उठून पोहे मागण्याइतकी भूक लागलेली असते, चेहरा गोल झालेला असतो, चिडचिड शिगेला पोचलेली असते. गोळ्या थांबल्यावर पोर शांत झालं, कमी खायला लागलं, तर घरच्यांना आधी हायसंच वाटतं.

तपासणी आहे. पहिली सोपी, सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल मोजायचं. सकाळीच का, तर तेव्हा ते सगळ्यात जास्त असायला हवं. पण यातून टाकीत सध्या किती पाणी आहे तेवढंच कळतं, मोटर पूर्ण जोरात चालेल का ते कळत नाही. त्यासाठी दुसरी, एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट. एसीटीएचसारखं इंजेक्शन देऊन, अर्ध्या आणि एक तासाने रक्त घेऊन बघतात की अ‍ॅड्रिनलने प्रतिसाद दिला का. आमच्या भाषेत पहिली टेस्ट म्हणजे सर्व्हर चालू आहे का ते बघणं, दुसरी म्हणजे लोड टेस्ट.

यात एक बारीक खोच आहे. प्रेडनिसोलोन अंगात असेल तर बऱ्याच लॅबच्या टेस्टला तेही कॉर्टिसॉलसारखंच वाटतं आणि आकडा फुगून येतो. डेक्सामेथासोनच्या बाबतीत सहसा तसं होत नाही. म्हणून रक्त कधी घेतलं, शेवटची गोळी कधी आणि कोणती, हे माहीत नसेल तर नुसत्या रिपोर्टवरचा आकडा फसवू शकतो. रिपोर्टचा फोटो काढून गूगल करणाऱ्यांसाठी ही खास सूचना.

आमच्या घरातली गोष्ट

माझ्या आतेबहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पाच वर्षांचा असताना त्याला एएलएलचं निदान झालं. उपचार मुंबईत, घर बार्शीकडे. इंडक्शन संपलं आणि काही दिवसांसाठी ते गावी गेले. ताईने एक गोष्ट केली होती. उपचारांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं होतं: ‘स्टिरॉइड बंद केल्याची तारीख’, पुढे तारीख, औषधाचं नाव, खाली वॉर्डचा फोन नंबर. तिला कुणी हॉर्मोनचं शास्त्र समजावलं नव्हतं. एका नर्सने सांगितलं होतं, ‘ताप आला, उलट्या झाल्या तर कुठल्याही डॉक्टरला आधी हे पान दाखवा.’

बंद होऊन नऊ दिवस झाले होते. संध्याकाळी ताप चढला, दोन उलट्या झाल्या, पोरगं डोळे उघडेना. गावातल्या डॉक्टरांनी आजवर ल्युकेमियाचं मूल क्वचितच पाहिलेलं. पण ते पान वाचून त्यांनी आधी वॉर्डला फोन लावला. तिकडून सांगितलं त्याप्रमाणे साखर तपासली, सलाइन लावलं, अँटिबायोटिक आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं, आणि अँब्युलन्सने सोलापूरला पाठवलं.

भाचा आता शाळेत जातो. त्या रात्री कॉर्टिसॉल खरंच कमी पडलं होतं, की नुसतं इन्फेक्शन होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. इंजेक्शनच्या आधी रक्त घेऊन ठेवायला तिथे सोय नव्हती. पण गंभीर आजारी मुलात कॉर्टिसॉल कमी असल्याची शंका असेल तर रिपोर्टची वाट बघत थांबायचं नसतं, हे डॉक्टरांचं तत्त्वच आहे. अशा वेळी दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे पुन्हा महिनाभराचा टँकर नव्हे. ऐन गरजेला आणलेल्या चार घागरी. याला स्ट्रेस डोस म्हणतात. कॉक्रेनचा आढावाही हेच सुचवतो की स्टिरॉइड थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुलावर मोठा ताण आला तर डॉक्टरांनी हा आधार देण्याचा विचार करावा. सरसकट सगळ्या मुलांना आठवडेच्या आठवडे देत राहायचं का, यावर मात्र एकमत नाही. कारण जास्तीचं स्टिरॉइड म्हणजे पुन्हा इन्फेक्शनचा धोका, आणि मोटर सुरू व्हायला आणखी उशीर.

मग आपण काय करायचं?

हे ऐकणारे तुम्ही बहुतेक विशीतले. तुम्ही स्वतः पालक नसाल, पण घरात मोबाइलवर फाइल स्कॅन करणारे, रिपोर्ट पाठवणारे, अँब्युलन्सला फोन लावणारे तुम्हीच असता. म्हणून नात्यात, ओळखीत असं मूल असेल तर एवढं करा.

एक. शेवटच्या स्टिरॉइडची तारीख आणि नाव फाइलच्या पहिल्या पानावर, आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये. उपचारात स्टिरॉइड परत येईल तेव्हा तारीख बदला.

दोन. केमो चालू असलेल्या मुलाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर ‘सकाळी बघू’ नाही. कॉर्टिसॉल असो नसो, ही इमर्जन्सीच आहे. पॅरासिटामॉल देऊन झोपवायच्या आधी वॉर्डला फोन.

तीन. सतत उलट्या, न उठणारी सुस्ती, थंड पडलेले हातपाय, घाम, बरळणं, यातलं काहीही दिसलं आणि ताप नसला तरी लगेच दवाखाना. तिथे पोचल्यावर स्वतःहून म्हणा, ‘स्टिरॉइड बंद होऊन इतके दिवस झालेत.’ हे एक वाक्य डॉक्टरांचा बराच वेळ वाचवतं.

चार. दात काढायचा असो, हाड मोडलेलं असो, की पाठीतून पाणी काढण्यासाठी भूल द्यायची असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही तेच वाक्य ऐकवा.

पाच. घरात उरलेली प्रेडनिसोलोनची गोळी स्वतःच्या मनाने द्यायची नाही, आणि चालू असलेली थांबवायचीही नाही. कॅन्सर केंद्रातून घरी निघतानाच विचारून घ्या: आजारी पडला तर याला स्ट्रेस डोस लागेल का, आणि तो कोण, कुठे देईल? उत्तर कागदावर लिहून घ्या.

टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची मुलं येतात आणि उपचारांच्या मधल्या काळात आपापल्या गावी परततात. तिथल्या दवाखान्यात रात्री अकराला जो डॉक्टर भेटेल त्याच्याकडे मुंबईचा कॉम्प्युटर नसतो. त्याच्यासमोर मूल असतं आणि तुमच्या हातातली फाइल. मोटर कधी बंद झाली हे त्या फाइलमधून कळलं, तर पुढचं काय करायचं ते त्याला ठाऊक असतं.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. ज्यांच्या घरी सध्या असे उपचार चालू आहेत त्यांना हा भाग नक्की पाठवा. काही प्रश्न असतील तर लिहून कळवा, उत्तरं एखाद्या बालकर्करोग तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घेऊनच पुढच्या भागात देईन. काळजी घ्या, भेटू लवकरच!